मागून मारलेली हाक

रोना लीपर शोधत होती ती टॉरीतली सामाईक धुण्याची घरं कोणत्या साली बंद झाली ते, आणि सापडला तिचा बाप. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या फिती दाखवणाऱ्या यंत्रापुढे ती बसली होती. पलीकडे कुणीतरी आपल्या घराण्याचं मूळ शोधत मधूनमधून नाक शिंकरत होतं. खिडकीबाहेर समुद्रावरचं धुकं चढत चढत चर्चच्या टोकापर्यंत आलं होतं. यंत्राचा दांडा फिरवला की पानं धावायची. बटाट्यांचे भाव, फुटबॉल, कुणाचा हरवलेला कुत्रा. त्या धावत्या करड्या पट्ट्यातून एकच शब्द बाजूला झाला: लीपर. टॉरीत लीपर पैशाला पासरी, म्हणून तिने दांडा मागे फिरवला तो नुसता सवयीने. बेंजमिन लीपर, मासेमारीच्या ट्रॉलर जहाजावरचा भट्टीवाला, शपथेवर. खाली बारीक अक्षरांत प्रश्न आणि उत्तरं होती, चौकशीत झाली तशीच्या तशी. कोळशाच्या कोठीत पाणी येतंय हे तुम्हाला कधी कळलं? आदल्या रविवारी, जहाज धक्क्याला असतानाच. कुणाला सांगितलंत? कप्तानाच्या हाताखालच्या मेटला, तो म्हणाला, फावडं उचलता येतंय ना, मग उचल. या फेरीला जायचं नाही हे केव्हा ठरवलंत? रविवारीच. ऐन वेळी तुमच्या जागी अँड्र्यू विशार्ट गेला, त्याला ओळखत होता? आमच्याच जिन्यावर राहायचा. त्याला पाण्याबद्दल सांगितलंत? नाही. का नाही? आणि त्याच्यापुढे, कंसात, छापणाऱ्याने मुद्दाम तिरक्या टाइपात टाकलेलं: साक्षीदाराने उत्तर दिले नाही.

तिने ते पुन्हा वाचलं. मग एकच शब्द वाचत राहिली, रविवारीच. जीभ टाळ्याला चिकटली होती, आणि तिच्या मनात आलं ते अगदी क्षुल्लक, की आता पाणी प्यायला खाली जावं लागणार आणि यंत्र दुसरा कुणी बळकावणार. नाक शिंकरणाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. बहुधा ती काहीतरी बोलली असावी. ती गुरुवारची सकाळ तिला पाठ होती, नुसती तिलाच नव्हे, अख्ख्या टॉरीला पाठ होती. बंदरापलीकडच्या त्या वस्तीत समुद्रावर निघालेल्याला मागून हाक मारायची नाही, कुठे चाललास म्हणून विचारायचं नाही, हे पोरांना अंगावरचं दूध सुटायच्या आत शिकवलेलं असायचं. हाक बसली की माणूस माघारी फिरायचा, आणि तो फिरला नाही तर कप्तानच त्याला जहाजावर घेत नसे. सही केलेला खलाशी एरवी जहाज चुकवून घरी बसला तर दंड व्हायचा, प्रसंगी तुरुंग; पण हाक बसलेल्याला कुणी शब्दाने बोलायचं नाही. त्या गुरुवारी सहा वर्षांच्या रोनाने बापाला मागून हाक मारली, बाप परत आला, त्याच्या जागी वरच्या मजल्यावरचा अँड्र्यू विशार्ट गेला, आणि फॅरो बेटांच्या पलीकडे ‘मार्गारेट इनेस’ सगळ्या माणसांसकट बुडाली. त्या आठवड्याचा पेपर रोनाने शंभरदा पाहिला होता. चिमुरडीच्या हाकेने पिता वाचला. बाजूला तिचा फोटो, गळ्यात लोकरी मफलर, तोंड किंचित उघडं, जणू आताही हाक मारतेय. चौकशी झाली ती पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर. ते पान तिने कधी उलगडलंच नव्हतं. बुडालेल्या जहाजाची गोष्ट बुडण्याशी संपते असं तिला वाटत आलं होतं.

म्हणजे तिने एक माणूस वाचवला होता आणि एक मारला होता, एकाच तोंडाने, एकाच शब्दाने. पहिली गोष्ट लोक बोलून दाखवायचे. नव्या वर्षाच्या रात्री घरात माणसं दाटीवाटीने बसलेली असायची, व्हिस्कीचा दुसरा पेला पोटात गेला की बाप तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, या पोरीनं मला पाण्यातनं ओढून काढलं. सगळे तिच्याकडे पाहायचे. तिची छाती फुगायची आणि त्याच क्षणी ती मान खाली घालायची, कारण बघणाऱ्यांतले दोघेतिघे लगेच नजर छताकडे न्यायचे, जिथे वर विशार्टांची जमीन होती. दुसरी गोष्ट कुणी बोललं नाही, बोलायची गरज नव्हती. एकदा, आठ-नऊ वर्षांची असताना, ती शाळेत शिकवलेलं काहीतरी गुणगुणत जिना चढत होती. वरून विशार्टबाई उतरल्या, थांबल्या, आणि त्यांनी आपला ओला तळहात तिच्या तोंडावर ठेवला. मारलं नाही. नुसता ठेवला, चांगला घट्ट, आणि ती गप्प झाल्याची खात्री होईपर्यंत काढला नाही. हाताला धुण्याच्या सोड्याचा आणि धुरवलेल्या माशाचा वास होता. मग त्या काही न बोलता धुण्याच्या घराकडे गेल्या. रोनाला राग आला नाही, हे आज तिला भयंकर वाटत होतं; तेव्हा वाटलं होतं, बरोबरच आहे.

तिथून पुढे तिचा आवाज गेला तो गेलाच. म्हणजे बोलायची, पण वाऱ्याने पान हलावं इतपत. डेंटिस्टच्या दवाखान्यात तीस वर्षं टेबलामागे बसली, आणि रोग्याचं नाव तिने कधी पुकारलं नाही. उठून जायची, खांद्याला बोट लावायची, चला म्हणायची. डॉक्टर चेष्टा करायचे की आमच्या रोनाबाई दात काढण्याआधी माणसाचा जीव काढतात. नवरा छत्री विसरून निघाला तर ही छत्री घेऊन धावत त्याला रस्त्यात गाठायची आणि धापा टाकत समोर उभी राहायची. तो म्हणायचा, अगं, देवाने तोंड कशाला दिलंय? तिने कधी सांगितलं नाही. तो इन्व्हरनेसचा, शेतीवाल्या घरातला. त्याला काय कळणार. पुढे तो एक दिवस बॅग घेऊन निघाला, ती खिडकीत उभी राहिली, तो फाटकापाशी जरासा घुटमळला देखील. तेव्हाही हाक नाही. ज्याला जायचं त्याला जाऊ द्यावं हा तिचा शहाणपणा आहे असं बहिणी म्हणाल्या. शहाणपणा कसला, गळ्यात एक तळहात बसलेला होता, सोड्याच्या वासाचा.

पानाची छापील प्रत पिशवीत घालून ती पूल ओलांडून टॉरीकडे चालत निघाली. बस मिळाली असती, पण बसमध्ये ओळखीचं कुणीतरी भेटलं असतं. नदी धुक्यात नव्हतीच, नुसता पाण्याचा वास होता आणि तेलविहिरींना सामान नेणाऱ्या बोटींचे दिवे, तेही पुसट. आता मासळीचा तिथे मागमूस नाही. रविवारी ठरवलं होतं, ती स्वतःशी म्हणत होती, रविवारी, म्हणजे माझ्या हाकेशी काही संबंध नाही. मी हाक मारली असती, नसती, तो परतच येणार होता. माणूस मारल्याचं ओझं साठ-पासष्ट वर्षं वाहिलं ते उतरलं की आता. उतरायला हवं होतं. पण खांदे हलके झाल्यासारखं काही वाटेना. वाटत होतं ते चोरी झाल्यासारखं. तिने मारलं नव्हतं, तसं वाचवलंही नव्हतं. वाचवलं नव्हतं तर मग ती कोण होती? नव्या वर्षाच्या रात्रीचा तो हात कुणाच्या डोक्यावर होता? बापाचा राग यायला हवा, तोही येईना. त्याच्याऐवजी सारखा त्याचा चेहरा समोर येत होता, बर्फाच्या कारखान्यातून संध्याकाळी परतलेला, भिजलेला, निमूट बटरी पाव चहात बुडवून खाणारा. त्या दिवसानंतर तो समुद्रावर कधी गेला नाही. ऐंशी वर्षांचा होऊन बिछान्यात मेला.

पुलाच्या मध्यावर तिला जे सुचलं ते खरं तर पूर्वीही हजारदा सुचलं होतं, फक्त आजवर त्याचं टोक हाती लागलं नव्हतं. तिने हाक मारलीच का? टॉरीतलं कुठलंच पोर मारत नसे. तिला ठाऊक होतं, चांगलं ठाऊक होतं. त्या सकाळी आईने तिच्या एक थोबाडीत ठेवून दिली होती, हाक मारली म्हणून. आणि जहाज बुडाल्याची बातमी आल्यावर त्याच गालाचे मुके घेतले होते. लोक म्हणाले, देवानेच पोरीच्या तोंडून हाक घातली. पाद्रीही तेच म्हणाला. लहानपणी ती रात्री पडल्या पडल्या देव कसा तोंडात शिरतो याचा विचार करायची. आणि आता, कठड्याच्या गार लोखंडावर हात ठेवून उभी असताना, देवाच्या जागी बाप होता. तो उकिडवा बसला होता, तिच्या गळ्यात मफलर बांधत होता, जरा जास्तच घट्ट. तोंडाला तंबाखूचा वास. आई आत होती. तो कानात म्हणत होता की मी बेकरीच्या पाटीखाली पोचलो की मला हाक मार, चांगली मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. आणि मी सांगितलं असं आईला सांगायचं नाही.

हे खरं आठवलं की पिशवीतल्या कागदाने आठवायला लावलं? ती तिथेच उभी राहून उलटसुलट करत राहिली. म्हाताऱ्या डोक्याचा भरवसा काय. आपल्या सोयीचं तेवढं ते शिवून देतं. कुजबुज खोटी असू शकेल. पण काही गोष्टी होत्या ज्या तिच्याजवळ कायमच होत्या आणि ज्यांचा अर्थ तिने कधी लावला नव्हता. हाक मारायच्या आधी ती बापाकडे नव्हे, बेकरीच्या पाटीकडे बघत होती. पहिली हाक नीट निघाली नाही म्हणून तिने दुसरी मारली. अनवधानाने हाक मारणारं पोर दुसरी मारत नाही. आणि बापाचा चेहरा. मागून हाक बसलेली माणसं तिने पुढे पाहिली होती, ती दचकतात, शिव्या देतात, थुंकतात. हा दचकला नाही. दुसरी हाक पुरी व्हायच्या आत तो वळला होता, आणि वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काम झाल्याचं समाधान होतं. फुटपाथवरची माणसं थांबून बघत होती. त्यांच्यासाठी त्याने मान हलवली, दुःखाने, आणि परत आला.

कठड्यावरचा हात काढून रोना चालू लागली, घरी नव्हे, टेकडीकडे.

नेटा विशार्ट टॉरीतच राहायची, टेकडीवरच्या नव्या इमारतीत, आणि तिथे लिफ्ट असल्याचा तिला अभिमान होता. अँड्र्यूची ही थोरली मुलगी, रोनाहून दोन वर्षांनी मोठी. लहानपणी एकाच जिन्यावर राहून दोघी कधी बोलल्या नाहीत. म्हातारपणी चर्चच्या सभागृहात जुने पेपर वाचणाऱ्या मंडळीत गाठ पडली, आणि दर मंगळवारी शेजारी बसून धूळ खाता खाता मैत्री झाली, जशी व्हायची तशी, मूळ दुखण्याला हात न लावता. पुढच्या आठवड्यात मंडळींचं प्रदर्शन होतं. ‘मार्गारेट इनेस’चा फलक रोनाकडे आला होता आणि त्यावर मधोमध तो मफलरवाला फोटो लावायचा ठरलं होतं. नेटाला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, लावा की, तेच तर सगळ्यांना बघायचं असतं.

दार उघडलं तेव्हा नेटाच्या हाताला पीठ होतं, ती हॅडॉक मासे तळत होती. रोनाचा चेहरा पाहून तिने बस म्हटलं आणि कढईकडे गेली. रोनाने कागद टेबलावर पसरला. चष्मा लाव म्हणाली. नेटाने नुसती मान वळवून वरचा मथळा पाहिला.

"चष्मा नको," ती म्हणाली. "पाठ आहे मला."

रोनाने खुर्चीची कड धरली. कधीपासून, असं तिने विचारलं, की नुसते ओठ हलवले, तिला कळलं नाही.

"छापून आलं त्या दिवसापासून. पेपर काय एकट्या तुमच्याच घरी यायचा होय गं? अख्ख्या रस्त्यानं वाचलं. तुझ्या आईनं तेवढा तो तुझ्यापासून लपवला."

म्हणजे नव्या वर्षाच्या रात्री जी माणसं छताकडे नजर न्यायची, त्यांना ठाऊक होतं. पाद्र्याला ठाऊक होतं. त्या ओल्या तळहाताला ठाऊक होतं. रोना म्हणाली, "मग तुझ्या आईनं माझं तोंड का दाबलं? मी काय केलं होतं?"

नेटाने माशाचा तुकडा उलटला. मग ती बोलली ती पाठमोरीच, आणि तिचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता.

"बये, मग तिनं करायचं तरी काय? बेंजी लीपर आमच्याच जिन्यावर. बाबा गेले तसा दर शनिवारी अर्धं पोतं कोळसा आमच्या दाराशी ठेवून जायचा. बोलायचा नाही, ठेवायचा आणि जायचा. आम्ही तीन पोरं. त्याचा कोळसा जाळायचा आणि त्यालाच शाप द्यायचे, हे कसं जमावं? कोळसा फेकून दिला असता तर थंडी थांबली असती का? मग राहिलीस तू. तू लहान होतीस. तुझ्यावर राग धरला तर कुणाच्या चुलीचं काही अडत नव्हतं."

रोना टेबलावरच्या पिठाच्या बोटांच्या खुणांकडे बघत राहिली. हे समजायला कठीण नव्हतं. खरं म्हणजे इतकं सोपं होतं की तिला त्याची चीड आली, आयुष्यात पहिल्यांदा, त्या बाईची, त्या रस्त्याची, त्या पाद्र्याची, ज्यांनी एका पोरीचं तोंड कोळशाच्या भावात विकून टाकलं. आणि मग तिने पुलावरचं सगळं सांगितलं. बेकरीची पाटी, मफलर, कानातलं बोलणं, दुसरी हाक, तो वळला तेव्हाचा चेहरा. कदाचित मी हे मनाने रचत असेन, असंही सांगितलं. नेटाने गॅस बंद केला. हे तिला ठाऊक नव्हतं, ते तिच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं.

"मग तू घरी आल्यावर काय झालं?" नेटाने विचारलं.

"आईनं मला मारलं. बाबांनी चहा मागितला."

"जहाजावरचा माणूस भट्टीवाला शोधत आला तेव्हा आम्ही अजून उठलो नव्हतो. बाबा नुसते पायमोजे घालून जिना उतरले. बूट हातात. किती खूश होते म्हणून सांगू, दोन महिने काम नव्हतं त्यांना. तुमच्या दारावरनंच गेले."

रोनाला तो आवाज आठवतो का? नुसत्या मोज्यांचा आवाज कितीसा असणार. पण कप आठवत होता. बापाने कप उचलला होता आणि तोंडाशी नेता नेता तसाच हवेत धरला होता, वाफ त्याच्या नाकाशी जात होती, आणि तो दाराकडे बघत होता. मग खाली रस्त्यावरचं दार आपटलं आणि तो प्यायला. तिने हेही सांगितलं. सांगू नये असं वाटत असतानाच सांगितलं.

नेटा खुर्चीवर बसली. पीठ लागलेले हात तिने मांडीवर उताणे ठेवले. रोनाला वाटलं ती आता आपल्याला निघून जायला सांगेल, आणि तसं सांगितलं असतं तर ते पत्करून ती उठलीही असती.

"म्हणजे त्याला तोंड होतं," नेटा शेवटी म्हणाली. "पोरीच्या कानात सांगण्यापुरतं होतं. मला वाटायचं, बाबांना सांगायला त्याची जीभच उचलली नसेल. मी आजवर असंच धरून चालले होते."

मासे गार झाले. दोघींनी खाल्ले नाहीत. रोनाने फलकाचं काय करायचं ते विचारलं. तसाच राहू दे म्हणालीस तर तसाच लावते, नाहीतर हा कागद लावते, सगळे प्रश्न आणि सगळी उत्तरं; माझा बाप आहे, पण बाप तुझाही होता. नेटाने उठून हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले.

"कागद लाव," ती म्हणाली. "ज्यांना ठाऊक आहे त्यांनाही समोर उभं राहून वाचू दे एकदा. फक्त तुझा तो फोटो काढ, आणि नावही. सहा वर्षांच्या पोरीला अजून किती वर्षं त्या रस्त्यावर उभी ठेवायची?"

घरी आल्यावर रोनाने कोटही न काढता फलक जेवणाच्या टेबलावर आडवा केला. फोटो अजून कच्चाच चिकटवलेला होता, नखाने सुटला. तिने तो पालथा ठेवला. मजकुराचा कागद ओढून घेतला. तिनेच लिहिलेली वाक्यं होती, चांगली गोळीबंद, मंडळींनी वाहवा केलेली: रोना या सहा वर्षांच्या मुलीने मागून हाक मारली आणि बेंजमिन लीपर माघारी फिरले. तिने पेन घेऊन आपलं नाव खोडलं. मग मुलगी खोडली. मग हाक. जे खोडत होती ते तिच्याजवळचं सगळं होतं. वाक्य लहान होत गेलं. उरलं तेवढं तिने वाचून पाहिलं, आणि पहिल्यांदाच तो रस्ता तिला तिच्याशिवाय दिसला, सकाळचा, ओला, बेकरीतून वाफ येत असलेला, आणि त्यावरून बेंजमिन लीपर, कुणी न बोलावता, आपणहून घरी परत येत होता.